फुगडी, गरबा, सुपारी आणि कानातलं अ‍ॅसिटिलकोलीन

फिरकी (बडोदा)

नवरात्राला तेरा दिवस उरलेत आणि मी अजून जिना उतरताना कठडा सोडत नाही. म्हणून हा धागा.

आषाढात एका सकाळी डोळे उघडले तर छत फिरत होतं. ऐकू नीट येत होतं, कानात आवाज वगैरे काही नाही, पण पलंगाखाली पाय टेकवेना. दोन दिवस उलट्या. घराजवळच्या डॉक्टरांनी चक्करच्या गोळ्या दिल्या, आधी प्रोमेथाझिन, मग सिनारिझिन. बरं वाटलं. बरं वाटतंय म्हणून चालू ठेवल्या, थांबा असं कुणी म्हटलं नाही, सात आठवडे गेले. मंगळागौरीला भाचेसुनेनं फुगडीसाठी हात पुढे केला आणि चौथ्या फेरीत मी भिंतीवर. तीस वर्षं गरब्यात फिरणारी बाई. लाज वाटली खरंच.

मग चक्करच्याच तज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी कॅमेऱ्याचा चष्मा लावून माझं डोकं उजवी-डावीकडे झटक्यानं वळवलं आणि सांगितलं की डाव्या कानाच्या तोलाच्या नसेला सूज येऊन गेली आहे, ती बाजू आता अर्धवट काम करते. "गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या असतात. आजपासून बंद. मान हलवायची, चालायचं, चक्कर आली तरी हलवायची."

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे "का?" विचारल्याशिवाय राहवत नाही. वाचत गेले तर एक गोष्ट कळली जी पुस्तकात आम्ही कधी शिकवत नाही. कानाकडून मेंदूकडे तारा जातात हे सगळ्यांना माहीत. पण मेंदूकडूनही तोलाच्या अवयवांकडे तारा येतात, आणि त्यांच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं. म्हणजे मेंदू कानाशी बोलतो! माझ्या गोळीच्या माहितीपत्रकात लिहिलंय की ती अ‍ॅसिटिलकोलीनच्या विरुद्ध काम करते.

तर माझं गणित असं: गोळीनं मेंदू आणि कान यांच्यातला फोन कापला, म्हणून सात आठवडे मी सुधारले नाही. बरोबर ने? जाणकारांनी सांगा.

रावपुरा_रिटर्न्स

बरोबर असो की चूक, पहिल्या दिवशी गरब्याला येणार का तेवढं सांगा. पास काढायचे आहेत.

सर्किटवाला

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यामुळे जीवशास्त्र माफ करा. पण सेन्सरकडे उलटी तार नेणं आमच्याकडे रोजचं आहे. सिग्नल फार मोठा झाला की गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, कमी करायचा, बारीक झाला की वाढवायचा. उलटी तार नसेल तर एक तर सगळं कापलं जातं नाही तर गोंगाटात बुडतं. निसर्गानं हे केलं नसतं तरच नवल.

प्रश्न एवढाच की तारा किती? वाचलं त्याप्रमाणे माणसाच्या एका कानातून तोलाच्या वीसेक हजार तारा मेंदूकडे जातात, आणि मेंदूच्या देठातून कानाकडे येणाऱ्या पेशी मोजून काही शे. त्यातल्या पुष्कळ दोन्ही कानांना जातात म्हणे. वीस हजारांना काही शे नोकर सांभाळणार? म्हणजे एकेकाचा कान धरण्याचं काम नाही हे, मोहल्ल्याचं मुख्य बटण फिरवण्याचं असणार.

फिरकी

@रावपुरा_रिटर्न्स, पास काढा. फिरेन की खुर्चीवर बसेन ते नंतर.

@सर्किटवाला, बटण! हेच डोक्यात होतं, शब्द सापडत नव्हता.

प्राध्यापिकाबाई

फिरकी, गणिताची पहिली ओळ बरोबर, उत्तर चुकलं. औषधशास्त्र शिकवण्यात हयात गेली आहे, त्यामुळे थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी तुम्हाला चक्कर का आली ते. डोकं स्थिर असतानाही दोन्ही कानांच्या नसा गप्प नसतात. माकडांत मोजलेलं आहे, स्थिर असताना एकेक तंतू सेकंदाला सुमारे ९० वेळा ठोका देतो. डोकं डावीकडे वळलं की डावीकडचे ठोके वाढतात, उजवीकडचे घटतात. मेंदू फक्त फरक बघतो. तुमची डावी नस एका रात्रीत गप्प झाली, उजवी आपले नेहमीचे ठोके देत राहिली. मेंदूच्या हिशेबी तुम्ही पलंगावर पडल्या पडल्या उजवीकडे गरगरत होतात. पुढे बरं होणं म्हणजे मेंदूनं हा खोटा फरक ओळखून हिशेब नव्यानं मांडणं. तो मांडायला त्याला चूक दिसावी लागते. गोळी चूक झाकते, वर गुंगी आणते, माणूस हलत नाही. म्हणून तज्ज्ञ बाईंनी बंद केली. इथपर्यंत अ‍ॅसिटिलकोलीनचा संबंधही आलेला नाही.

आता अ‍ॅसिटिलकोलीन. लोकांचा घोटाळा इथे होतो की त्यांना वाटतं रसायन एक म्हणजे काम एक. रसायन नुसती चिठ्ठी आहे. ती कुणाच्या हातात पडते त्यावर सगळं. हातात म्हणजे रिसेप्टर, मराठीत ग्राही.

आंतरकर्णात तोलाच्या केशपेशी दोन जातींच्या. एक सुरईच्या आकाराची, तिला नसेचं टोक फुलाच्या पेल्यासारखं बाहेरून कवटाळून असतं. दुसरी उभट नळीसारखी, तिला नसेची टोकं बटणांसारखी चिकटलेली. मेंदूकडून येणारी तार नळीवाल्या पेशीवर थेट टेकते. सुरईवाल्या पेशीपर्यंत मात्र तिचा हात पोचत नाही, मध्ये पेला आहे, म्हणून ती पेल्याच्या बाहेरून बोलते.

नळीवाल्या पेशीवर जो रिसेप्टर आहे त्याचं नाव अल्फा-९ अल्फा-१०. पाच तुकड्यांचं दार, त्यातले काही अल्फा-९, काही अल्फा-१०. चिठ्ठी आली की दार उघडतं, कॅल्शियम आत येतं. कॅल्शियम आलं म्हणजे पेशी चेतणार असं वाटतं ना? इथे उलटं होतं. ते कॅल्शियम शेजारचं पोटॅशियमचं दार उघडतं, पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी थंडावते. म्हणजे इथे अ‍ॅसिटिलकोलीनचा अर्थ "गप्प".

पेल्यावर आणि नसेच्या टोकांवर तीच चिठ्ठी वेगळी वाचली जाते. तिथे एक निकोटिनिक जातीचा रिसेप्टर आहे, मुख्यतः अल्फा-४ बीटा-२, तो क्षणात चेतवतो आणि क्षणात विझतो. आणि दुसरा मस्कॅरिनिक जातीचा, त्याचं काम सावकाश. तो पोटॅशियमची गळती बंद करतो, त्यामुळे नस हळूहळू तापत जाते आणि तारेनं बोलणं थांबवलं तरी पुढे पुष्कळ सेकंद तापलेलीच राहते. माकडांत १९८० साली गोल्डबर्ग आणि फर्नांडेझ यांनी या तारा विजेनं छेडल्या तेव्हा नसांचे ठोके वाढलेलेच दिसले. बेडकात आणि कासवात दोन्ही दिसतं, कुठे गप्प, कुठे जोर.

एकच रसायन, तीन प्रकारचे हात, तीन अर्थ, तेही वेगवेगळ्या वेगानं.

आणि तुमची गोळी? प्रोमेथाझिन आधी हिस्टामिनचा विरोधक आहे. अ‍ॅसिटिलकोलीनला जो विरोध तो मस्कॅरिनिक हातांना, आणि चक्कर-मळमळ थांबते ती मुख्यतः मेंदूत, तोलाच्या केंद्रांत आणि उलटीच्या केंद्रात. अल्फा-९ ला ती नेहमीच्या मात्रेत हात लावत नाही. सिनारिझिन तर कॅल्शियमचे मार्ग आणि हिस्टामिन यांच्यावर चालतं. फोन कापला नाही हो. ऑफिसातल्या माणसाला झोपवलं.

फिरकी

बाई, "ऑफिसातल्या माणसाला झोपवलं" हे मी नववीच्या वर्गात वापरणार आहे. नाव सांगणार नाही.

उत्तर चुकलं याचं वाईट वाटलं नाही. पण एक सांगा. हे अल्फा-९ माणसाला एवढं उशिरा का सापडलं?

प्राध्यापिकाबाई

नाव निकोटिनिक, वागणं उफराटं म्हणून. अ‍ॅसिटिलकोलीनच्या परिणामांचे दोन गट १९१४ साली हेन्री डेल यांनी पाडले, एक निकोटिनसारखा म्हणजे तंबाखूतल्या विषासारखा, दुसरा मस्करिनसारखा म्हणजे एका अळंबीतल्या विषासारखा. पुढे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर प्रयोग करून दाखवलं की नसेच्या टोकाशी खरंच रसायन सुटतं. त्यांच्याच सांगण्यानुसार प्रयोग स्वप्नात सुचला, झोपेत चिठोऱ्यावर लिहिला, सकाळी स्वतःचं अक्षर लागेना, दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न पडलं आणि ते तडक प्रयोगशाळेत गेले. १९३६ चं नोबेल दोघांना मिळून.

हे दोन गट ठरले, आणि कानातल्या रिसेप्टरनं मात्र दोन्हींना हुलकावणी दिली. निकोटिन टाकलं तर तो उघडत नाही, उलट बंद पडतो. आडनाव निकोटिनचं आणि निकोटिनशीच वैर. मस्करिनही त्याला अडवतंच. १९९४ साली आना बेलेन एल्गोयेन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत त्याचं जनुक वेगळं काढलं तेव्हा कोडं सुटलं. जोडीदार अल्फा-१० सापडायला २००१ उजाडलं. एल्गोयेन अर्जेंटिनाच्या, पुढे ब्वेनोस आयरेसला परत जाऊन त्यांनी हेच काम वाढवलं.

आबा_मांडवी

वय ७८. तुमचं अल्फा-बीटा डोक्यावरून गेलं पण तंबाखू आणि चक्कर हे दोन शब्द वाचून थांबलो. मांडवीत लहानाचा मोठा झालो. पहिल्यांदा वडिलांच्या चंचीतली तंबाखू चोरून दाढेत धरली तेव्हा ओटा फिरला होता, अजून आठवतंय. आणि आमची आई कच्ची सुपारी खाऊन "लागली गं बाई" म्हणत घामाघूम होऊन बसायची, मग तिला कुणीतरी गूळ-पाणी द्यायचं. हे "लागणं" तुमच्या याच रसायनाचं का?

प्राध्यापिकाबाई

आबा, साष्टांग नमस्कार. सगळ्या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न.

हो, त्याच घरातलं. सुपारीत अरेकोलीन असतं. ते मस्कॅरिनिक हातांत अ‍ॅसिटिलकोलीनची नकली चिठ्ठी देतं. म्हणून लाळ, घाम, पोटात ढवळणं, गरगरणं. तंबाखूचं निकोटिन दुसऱ्या घरात, निकोटिनिक हातांत चिठ्ठी देतं. मेंदूच्या देठात ते हात भरपूर आहेत, तोलाच्या यंत्रणेतही. न सवय झालेल्या माणसाला निकोटिन मिळालं की डोळे बारीक थरथरतात आणि उभं राहताना तोल डगमगतो, हे मोजून दाखवलेलं आहे. तुमचा ओटा फिरला नाही आबा, तुमचे डोळे सरकले.

आपल्या भाषेत एकच क्रियापद आहे, "लागणे". औषधशास्त्रात त्याला दोन प्रकरणं लागली.

(सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे हे इथे लिहून ठेवते, नाही तर कुणी चक्करवर उतारा म्हणून चघळायला लागेल.)

वैद्यबुवा

बाईंनी विषय काढलाच आहे तर. आमच्या उपविषांच्या यादीत धोतरा आहे, कुचला आहे. दोघांचाही या धाग्याशी संबंध आहे हे मला आजच लक्षात आलं.

धोतऱ्यात हायोसिन आणि अ‍ॅट्रोपिन. दोन्ही मस्कॅरिनिक दारं बंद करणारी. प्रवासात लागतं म्हणून कानामागे चिकटवायची जी पट्टी परदेशात मिळते, तिच्यात हायोसिनच असतं, तीन दिवस थोडं थोडं झिरपतं. लोकांना वाटतं पट्टी कानामागे म्हणजे औषध कानात जातं. तसं नाही. तिथली कातडी औषध चांगलं शोषते एवढंच, पुढे ते रक्तातून मेंदूत.

कुचल्यातलं स्ट्रिक्निन मज्जारज्जूतली आवर घालणारी दारं बंद करून झटके आणतं हे आम्हाला शिकवलेलं. पण ते अल्फा-९ लाही अडवतं. आणि मण्यार! तैवानच्या मण्यारीच्या विषातून १९६३ मध्ये चँग आणि ली यांनी जे बंगॅरोटॉक्सिन वेगळं केलं ते स्नायूंवरच्या रिसेप्टरला घट्ट चिकटतं, आणि कानातल्या अल्फा-९ अल्फा-१० लाही. प्रयोगशाळेत हा रिसेप्टर ओळखायचा तर हीच परीक्षा: निकोटिननं उघडत नाही, कुचल्यानं आणि मण्यारीनं बंद होतो.

म्हणून कृपा करून: शंकराला वाहिलेला धोतरा शंकरालाच राहू द्या. एका फळातलं बी आणि शेजारच्या फळातलं बी यांत विषाचं प्रमाण सारखं नसतं. बाहुल्या विस्फारतात, तोंड सुकतं, माणूस भ्रमिष्टासारखं बरळतो, लघवी अडते. शोधन (विष उतरवण्याची प्रक्रिया) वगैरे करून आम्ही काय करतो ते घरी करायचं नसतं.

रावपुरा_रिटर्न्स

धागा गरब्याचा होता, मण्यारीपर्यंत आला. बडोद्याची परंपरा.

मला एक सांगा जाणकारांनो. गरब्यात हजारो माणसं तीन तास गोल फिरतात आणि कुणी पडत नाही. फुगडीत मात्र दोन मिनिटांत डोळे गरगर. दोन्हीही गोलच ना?

सर्किटवाला

हे मी घेतो, हे माझ्या भाषेतलं आहे.

गरब्याचं मोठं रिंगण पूर्ण करायला मिनिटं लागतात. म्हणजे डोक्याच्या वळण्याचा सरासरी वेग जवळजवळ शून्य. कानाला तो कळतही नाही. कळतं ते तीन ताळीनंतर आपल्या जागी घेतलेलं गिरकं. ते अर्ध्या सेकंदाचं, आणि बहुतेकदा लगेच उलटं किंवा पुढचं पाऊल. अर्धवर्तुळाकार नळ्यांतलं पाणी वळणं सुरू होताना मागे राहतं आणि थांबताना पुढे ढकलतं. छोट्या गिरकीत सुरू आणि थांबा एकमेकांना फेडून टाकतात. हिशेब चुकता.

फुगडी म्हणजे एकाच दिशेनं, एकाच वेगानं, सलग वीस-तीस फेऱ्या. पंधरा-वीस सेकंदांत नळीतलं पाणी शरीराचा वेग पकडतं आणि कानाच्या मते तुम्ही स्थिर. मग थांबलात की पाणी चालूच, आणि कानाच्या मते तुम्ही उलटे फिरताय. म्हणून थांबल्यावर चक्कर जास्त.

आणि फुगडीत फिरता फिरता कमी त्रास होतो, कारण समोरच्या मैत्रिणीचा चेहरा तुमच्याबरोबर फिरतो. डोळे त्याच्यावर रोवले की डोळ्यांचं सरकणं दबतं. डोळे मिटून फुगडी घालून बघा. नको, फिरकीताई, तुम्ही नको.

प्राध्यापिकाबाई

छान. एक जोड देते. तीस वर्षं फिरणाऱ्या माणसाचा कान वेगळा होत नाही, मेंदू वेगळा होतो. २०१३ मध्ये लंडनला बॅले नर्तकी आणि वल्हवणाऱ्या मुली यांची तुलना झाली. नर्तकींना फिरवल्यावर चक्कर कमी वेळ टिकली, आणि लहान मेंदूच्या तोलाशी निगडित भागात रचनेचा फरक दिसला. म्हणजे फिरकी, तुमच्या डोक्यात तीस नवरात्रं साठलेली आहेत. ती डाव्या नसेबरोबर गेली नाहीत.

सर्किटवाला

आता माझा खरा मुद्दा. ही उलटी तार आगाऊ सूचना देत असणार. मी मान वळवणार आहे, तेव्हा कान तयार ठेव. एका माशावर प्रयोग झालेला आहे. बेडूकतोंड्या माशाला नुसतं भक्ष्य दाखवलं तरी या अपवाही, म्हणजे मेंदूकडून कानाकडे येणाऱ्या, तारा जाग्या होतात, मासा झेप घेण्याआधीच! बेडकाच्या पिलांतही पोहण्याची आज्ञा निघताच त्याच तारांतून कानाला "आता मीच हलतोय" कळवलं जातं आणि कानाची संवेदना कमी होते. म्हणजे गरब्यात मी गिरकी घेण्याआधी माझ्या कानाला ताल माहीत असतो.

प्राध्यापिकाबाई

माशात खरं, बेडकाच्या पिलात खरं, तुमच्यात नाही.

कॅथलीन कलन यांच्या गटानं माकडांत नेमकं हेच तपासलं. माकडानं स्वतः मान वळवली आणि दुसऱ्यानं तितकीच वळवली, दोन्ही वेळी कानातून येणाऱ्या नसेनं तेच सांगितलं, तेवढंच सांगितलं. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर, मेंदूच्या देठातल्या केंद्रांत. तिथे स्वतःची हालचाल वजा होते. म्हणजे आपला कान भाबडा आहे, दिसेल ते सांगतो. चतुराई ऑफिसात.

सर्किटवाला

मग आपल्यात ही उलटी तार कशाला ठेवली आहे? शोभेला?

प्राध्यापिकाबाई

चिडू नका. इथेच फिरकीचं चुकलेलं गणित थोडं बरोबर व्हायला लागतं.

सिडनीच्या संशोधकांनी अल्फा-९ चं जनुक काढलेले उंदीर घेतले. उंदीर चालतात, पळतात, बघून कळणारही नाही. पण डोकं हलताना डोळे स्थिर ठेवण्याची जी प्रतिक्षिप्त क्रिया आहे, जिच्यामुळे आपण चालता चालता दुकानाची पाटी वाचतो, ती त्यांच्यात जलद हालचालींना कमी पडते आणि नव्यानं जुळवून घ्यायला शिकत नाही, किंवा फार थोडं शिकते. २०१५ चं हे काम. मग २०१७ मध्ये त्यांनी एका बाजूचा तोलाचा अवयव नष्ट करून बघितलं. साध्या उंदरांनी त्यातून जितकं सावरलं तितकं अल्फा-९ नसलेल्यांनी सावरलं नाही.

म्हणजे एक बाजू गेली की उरलेल्या कानाला नव्या कामाला लावण्यात त्या काही शे तारांचा आणि त्या उफराट्या रिसेप्टरचा वाटा आहे, निदान उंदरांत तरी. तुमचं "मुख्य बटण" म्हणा हवं तर. गोळीनं ते बटण काढलं नव्हतं, म्हणून फिरकीचा निष्कर्ष चूक. पण बटण आहे आणि सावरण्यात कामाला येतं, हा वास तिला बरोबर आला होता.

पुण्याची_पाहुणी

मध्येच येते. माहेर दांडिया बाजार, सासर पुणे. सासूबाई ८१, पलंगावर कूस बदलली की अर्धा मिनिट गरगरतं. चार वर्षं रोज चक्करची गोळी चालू, शिवाय लघवीची एक आणि झोपेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन. वाचून पोटात गोळा आला.

प्राध्यापिकाबाई

पाहुणी, हा धागा सोडून त्यांना डॉक्टरकडे न्या, गोळ्यांची पिशवी सगळी बरोबर घेऊन.

कूस बदलल्यावर काही सेकंद येणारी चक्कर बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे जागा सोडून नळीत गेल्यानं येते. खड्याला गोळी कळत नाही. डोकं ठरावीक क्रमानं वळवून तो परत जागेवर नेतात, एप्लीची क्रिया म्हणतात, पुष्कळदा एक-दोन बैठकांत काम होतं. मानेचा त्रास असेल तर स्वतः घरी करू नका.

दुसरं महत्त्वाचं. चक्करची गोळी, लघवीच्या घाईची पुष्कळशी औषधं, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ही बहुतेक मस्कॅरिनिक दारं बंद करणारी. एकेक सौम्य, तिघी मिळून नाही. म्हाताऱ्या माणसात त्यातून विसराळूपणा, बद्धकोष्ठ, धूसर दिसणं, आणि पडणं. चक्कर येऊ नये म्हणून घेतलेल्या गोळीनं तोल जातो. आणि सिनारिझिन असेल तर हात थरथरतात का, चाल आखडली आहे का तेही सांगा. एकदम आपल्या मनानं काही बंद करू नका.

पुण्याची_पाहुणी

थरथरतात. आम्ही वय म्हणत होतो. उद्याच नेते.

फिरकी

चार दिवसांनी येतेय.

व्यायाम असा: भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, त्यावर नजर ठेवून मान डावी-उजवी, एक मिनिट. मी 'फ' चिकटवला. पहिल्या दिवशी 'फ' चे दोन झाले आणि मळमळलं. आज मान जोरात हलवली तरी एकच राहिला. मग कमाटी बागेत चालताना मान वळवत पाट्या वाचायच्या. लोक बघतात. एका माळ्यानं विचारलं, "बेन, कंई खोवायुं छे?" (काही हरवलंय का?) म्हटलं हो, तोल.

@सर्किटवाला, काल गच्चीवर डोळे उघडे ठेवून दोन ताळी केली. गिरकं घेतलं नाही, कठड्याजवळच होते. उजवीकडे वळताना ठीक, डावीकडे वळताना जमीन अर्धा क्षण मागून येते.

प्राध्यापिकाबाई

डावीकडेच व्हायला हवं. तीच बाजू अर्धवट आहे. डावीकडचं वळण टाळू नका, तेच जास्त करा. फक्त अंधारात आणि ओल्या फरशीवर नाही, कारण अंधारात डोळ्यांची मदत जाते आणि ओल्या फरशीवर पायांची, मग उरतो तो कान.

आबा_मांडवी

गरब्याच्या मैदानाच्या कडेला मी खुर्ची टाकून बसतो दरवर्षी. यंदा शेजारी एक रिकामी ठेवीन. ज्याला लागेल त्यानं येऊन बसावं. सुपारी आणणार नाही.

रावपुरा_रिटर्न्स

पास काढले. रिंगण डावीकडेच फिरतं, फिरकीताई. उजवीकडचं हवं असेल तर आयोजकांना अर्ज करावा लागेल.

फिरकी

नको. डावीकडचंच.